टीसीपी जिंकला, तो चांगला होता म्हणून नव्हे

गेल्या एप्रिलच्या अखेरीस घरी, ओतूरला गेलो होतो. कांदा काढून बराखीत भरून झाला होता, काका निवांत होते आणि धाकटा चुलतभाऊ ओसरीवर वही घेऊन डोलत बसला होता. कंप्युटरचा डिप्लोमा करतोय. म्हटलं, काय पाठ करतोयस?

“दादा, फरक. टीसीपी/आयपी आणि ओएसआय. आठ मार्कांना हमखास येतो.”

“बरं, मग दोन्हीतलं चांगलं कोणतं?”

सिलॅबसबाहेरचं काही विचारल्यासारखं त्याने माझ्याकडे बघितलं. “टीसीपीच ना. तेच चालतंय की सगळीकडे.”

हाच तक्ता मीही पाठ केला होता. एका बाजूला चार थर, दुसऱ्या बाजूला सात. एका बाजूला ‘व्यवहारात वापरतात’, दुसऱ्या बाजूला ‘केवळ संदर्भासाठी’. त्याखाली दुसरा तक्ता: टीसीपी भरवशाचा, यूडीपी बिनभरवशाचा, टीसीपी संथ, यूडीपी वेगवान. मार्क पूर्ण मिळाले. पुढे नेटवर्कच्याच नोकरीत पोट भरायला लागल्यावर कळलं, की त्या दोन तक्त्यांनी मला जे शिकवलं त्यातलं बरंचसं अर्धवट होतं आणि मधला महत्त्वाचा भाग तर सरळ खोटा होता.

खोटं हे, की प्रोटोकॉल गुणांवर जिंकतात. दोन उमेदवार समोर ठेवले, गुण-दोष मोजले, चांगला होता तो निवडला गेला, म्हणून तो आज तुमच्या फोनमध्ये आहे. असं काही घडलेलं नाही. घडलं ते वेगळंच, आणि ते न कळल्याची किंमत आपण आजही मोजतो आहोत.

पोच म्हणजे काय

आधी ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉल करतो काय ते बघू. त्यासाठी ओतूरच्या माणसाला कांद्याइतकं सोपं उदाहरण नाही.

समजा काकांनी पन्नास गोण्या वाशीला पाठवल्या. रस्ता त्यांच्या ताब्यात नाही. टेंपो कुणाचा, माळशेज घाटातून गेला की आळेफाट्याकडून, वाटेत किती थांबला, काही माहीत नसतं. त्यांना कळतं ते एवढंच, की आडतदाराकडून पट्टी आली. पट्टीवर पन्नास गोण्या असतील तर सगळं पोचलं. अठ्ठेचाळीस असतील तर फोन करायचा. पट्टीच आली नाही तरीही फोन करायचा, पण किती दिवस वाट बघून?

ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉल म्हणजे हा हिशेब. तुमचा फोटो छोट्या पॅकेटांत तोडायचा, त्यांना क्रमांक द्यायचे, पलीकडून पोच आली की पुढची सोडायची, ठरावीक वेळात पोच आली नाही तर तेच पॅकेट पुन्हा पाठवायचं. कांद्याची गोणी हरवली तर हरवली. पॅकेटची नक्कल मात्र आपल्याकडे शिल्लक असते. आणखी एक काम: रस्ता तुंबलाय असं दिसलं तर पाठवण्याचा वेग कमी करायचा, नाहीतर सगळ्यांचेच टेंपो अडकतात.

म्हणजे दोन प्रश्न सोडवायचे. हरवलेल्याची जबाबदारी कुणाची? आणि वाट किती बघायची? गेली पन्नास वर्षं जगभर भांडण चाललंय ते याच दोन प्रश्नांवर.

भांडण कुणाचं होतं

१९७० च्या दशकात एका बाजूला टेलिफोन कंपन्या होत्या. युरोपात आणि आपल्याकडे ती सरकारी खातीच होती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: रस्ता आमचा, त्यामुळे पोचवण्याची हमीही आम्हीच देऊ. त्यांच्या सीसीआयटीटी या जागतिक संघटनेने १९७६ साली एक्स.२५ हे मानक काढलं. त्यात बोलणाऱ्या दोन टोकांमध्ये आधी एक आभासी वाट बांधली जायची आणि त्या वाटेची काळजी नेटवर्क घ्यायचं.

दुसऱ्या बाजूला संगणकवाले होते. फ्रान्समध्ये लुई पूझाँने ‘सिक्लाद’ नावाच्या नेटवर्कात दाखवून दिलं, की रस्त्याने कसलीच हमी दिली नाही तरी चालतं, हिशेब दोन टोकांनी ठेवला म्हणजे झालं. अमेरिकेत व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी मे १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हीच दिशा घेतली. त्यातून टीसीपी आला.

हा निव्वळ तांत्रिक मतभेद नव्हता, हे लक्षात घ्या. हमी रस्त्याची असेल तर पैसे, मक्तेदारी आणि नियंत्रण रस्त्याच्या मालकाकडे राहतं. हमी टोकांची असेल तर रस्त्याचा मालक फक्त हमाल उरतो. टेलिफोन खात्यांना हमाल व्हायचं नव्हतं.

मग आयएसओ ही जागतिक मानक संस्था मध्ये पडली. सात थरांचं ओएसआय मॉडेल १९८४ साली प्रसिद्ध झालं. त्याच्या ट्रान्सपोर्ट थरासाठी प्रोटोकॉल किती? एक नव्हे, पाच. टीपी-० ते टीपी-४. टेलिफोनवाल्यांना वाटायचं रस्ता उत्तम आहे, म्हणून त्यांच्यासाठी जवळजवळ काहीच न करणारा टीपी-०. संगणकवाल्यांना वाटायचं रस्त्यावर भरवसा नको, म्हणून त्यांच्यासाठी सगळं करणारा टीपी-४. मधले तीन तडजोडीचे. समितीत भांडण मिटलं नाही की प्रत्येकाला एकेक खुर्ची दिली जाते, तसला हा प्रकार.

तुलना झाली होती, निकालही लागला होता

आता गंमत ऐका. टीसीपी आणि टीपी-४ यांची तुलना खरोखर झाली होती. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने संरक्षण खात्यासाठी समिती नेमली आणि तिचा अहवाल फेब्रुवारी १९८५ मध्ये आला. निष्कर्ष काय? दोन्ही प्रोटोकॉल कामाच्या दृष्टीने समान आहेत, देतात त्या सेवाही जवळपास सारख्याच आहेत. आणि शिफारस काय? संरक्षण खात्याने टीपी-४ कडे जावं.

हो, टीसीपी ज्यांच्या पैशातून जन्मला, त्यांनाच सांगण्यात आलं की तो सोडा.

फरक होते, पण ते ‘चांगला-वाईट’ अशा तक्त्यात बसणारे नव्हते. टीसीपीला सगळा मजकूर सलग धार वाटते. तो एकेका बाइटला क्रमांक देतो आणि तुमचा एक निरोप कुठे संपला, दुसरा कुठे सुरू झाला हे त्याला कळत नाही. टीपी-४ पॅकेटला क्रमांक देतो आणि निरोपाच्या सीमा जपतो. टीसीपी जोडणी तोडताना दोघांचं बोलून संपेपर्यंत थांबतो. टीपी-४ तडकाफडकी तोडतो, कारण निरोपाचं सौजन्य वरच्या थराने सांभाळावं असं ओएसआयचं म्हणणं. चेकसम टीसीपीत सक्तीचा, टीपी-४ मध्ये ऐच्छिक. एखाद्या कामाला हे बरं, एखाद्याला ते.

पुढे अमेरिकी सरकारने ऑगस्ट १९९० पासून सरकारी खरेदीत ओएसआय सक्तीचंही केलं. १९९५ मध्ये ती सक्ती गुपचूप सैल करावी लागली. तोवर निकाल बाहेरच लागला होता.

कसा? १ जानेवारी १९८३ रोजी अमेरिकेच्या आर्पानेटवर जुना प्रोटोकॉल बंद करून टीसीपी/आयपी सक्तीने लावला गेला. म्हणजे टीसीपीचा विजयही ‘लोकांनी उचलून धरला’ असा भोळाभाबडा नाही, त्यामागे संरक्षण खात्याचा हुकूम आणि पैसा होता. त्याच वर्षी बर्कली विद्यापीठाने आपल्या युनिक्समध्ये टीसीपी/आयपी घालून ते सोर्स कोडसकट विद्यापीठांना द्यायला सुरुवात केली. १९८९ मध्ये नेटवर्कचा कोड वेगळा काढून कुणालाही वापरायला मोकळा केला. टीसीपीचे नियम ज्यांत लिहिलेत ती आरएफसी नावाची कागदपत्रं कुणालाही फुकट मिळायची. आयएसओची मानकं विकत घ्यावी लागायची, आजही बहुतेक घ्यावी लागतात.

बाविशीतल्या एका विद्यार्थ्याचा विचार करा. एक प्रोटोकॉल त्याच्या मशीनवर आधीच आहे, कोड उघडून बघता येतो, बिघडला तर दुरुस्त करता येतो. दुसरा कदाचित तितकाच चांगला आहे, पण तो वाचायलाच पैसे पडतात आणि चालणारा नमुना कुणाकडे तरी ‘लवकरच येणार’ आहे. तो काय उचलेल?

आणि टीसीपी तेव्हा ‘चांगला’ होता, हेही खरं नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर कोसळला. दोन्ही ठिकाणांत अंतर होतं ४०० यार्डांचं. चालत चिठ्ठी नेली असती तर लवकर पोचली असती. झालं असं, की रस्ता तुंबला की प्रत्येक मशीन पोच आली नाही म्हणून तीच पॅकेट पुन्हा पाठवत होतं आणि तुंबलेला रस्ता आणखी तुंबवत होतं. तुंबलं की मागे सरायचं, ही अक्कल टीसीपीत नव्हतीच. व्हॅन जेकब्सनने ती घातली आणि १९८८ मध्ये तिच्यावर निबंध लिहिला. त्याला ती घालता आली, कारण कोड त्याच्या हातात होता आणि ती जगभर पसरली, कारण तोच कोड सगळ्यांच्या हातात होता.

म्हणून तक्त्यातलं वाक्य उलटं लिहायला हवं. चांगला होता म्हणून टीसीपी वापरात आला नाही. उघडा होता म्हणून वापरात आला, आणि वापरात होता म्हणून चांगला होत गेला.

जुहूला दोन्ही चालू होते

“हे सगळं तिकडचं. आपला काय संबंध?” संबंध आहे.

१९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट सुरू केलं. आठ संस्था होत्या: पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएससी, स्वतः विभाग आणि मुंबईत जुहूला असलेलं एनसीएसटी, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमाणी यांचं नाव पुढे २०१४ मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये गेलं. भारतातल्या पहिल्या ईमेल देवाणघेवाणींपैकी काही एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात, म्हणजे मुंबईच्या दोन उपनगरांमध्ये झाल्या.

आणि या अर्नेटच्या मुख्य वाहिन्यांवर टीसीपी/आयपी आणि ओएसआय, दोन्ही सुरू होते. जगाचा निकाल लागला नव्हता तेव्हा आपल्या माणसांनी दोन्ही चालवून बघितले. १९९५ येईपर्यंत जवळपास सगळी वाहतूक टीसीपी/आयपीवर गेली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुलं केलं. तेव्हा दोन प्रकारची खाती मिळायची: फक्त अक्षरं दाखवणारं स्वस्त ‘शेल अकाउंट’ आणि चित्रं दाखवणारं महाग ‘टीसीपी/आयपी अकाउंट’. प्रोटोकॉलचं नाव लोक किमतीवरून ओळखायचे, असा काळ होता तो.

हा इतिहास आपल्या अभ्यासक्रमात कुठे आहे? माझ्या वहीत तरी नव्हता, भावाच्या वहीतही नाही. दोन्ही प्रोटोकॉल प्रत्यक्ष चालवलेला हा देश आपल्या पोरांना त्यांच्यातला ‘फरक’ पाठ करायला लावतो.

कुणी म्हणेल, सात थरांचा सांगाडा शिकवायला सोयीचा आहे, त्यात वाईट काय? सोयीचा आहे, मान्य. माझी तक्रार सांगाड्याबद्दल नाहीच. तक्रार ‘केवळ संदर्भासाठी’ या शेऱ्याबद्दल आहे, कारण तोही खोटा आहे. तुमच्या ब्राउझरमधलं कुलूप ज्या प्रमाणपत्रावर चालतं ते एक्स.५०९, ते ओएसआयच्याच घराण्यातलं. मोठ्या इंटरनेट कंपन्या आपल्या जाळ्यात मार्ग शोधायला जो आयएस-आयएस वापरतात, तोही तिथलाच. आणि तो आळशी टीपी-०? पुढे त्याला टीसीपीच्या पाठीवर बसवायची युक्ती निघाली. आज आधुनिक वीज उपकेंद्रांतली आणि कारखान्यांतली कितीतरी उपकरणं याच युक्तीने एकमेकांशी बोलतात. म्हणजे ‘हरलेला’ प्रोटोकॉल तुमच्या घरची लाईट सांभाळतोय, आणि परीक्षेत आपण लिहितो, व्यवहारात वापरत नाहीत.

‘बिनभरवशाचा’ यूडीपी

आता दुसरा तक्ता. टीसीपी भरवशाचा, यूडीपी बिनभरवशाचा.

आमच्या जुन्नर तालुक्यातच, नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुण्यातल्या एनसीआरए या केंद्राने चालवलेली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या पट्ट्यात पसरल्या आहेत आणि त्यांनी टिपलेले संकेत फायबरने मधल्या इमारतीत येतात. लहानपणी शाळेची सहल हमखास तिथे जायची. तिथून परतताना मास्तरांनी आम्हाला तारे सांगितले. तारांतून काय जातं ते विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

अशा दुर्बिणींच्या यंत्रणेत, जिथे आकाशाचा डेटा न थांबता धो-धो येत असतो, तिथे जगभर यूडीपीसारखे साधे प्रोटोकॉल पसंत केले जातात. कारण एखादं पॅकेट हरवलं तर आकाश थांबत नाही. हरवलेल्या क्षणाची नक्कल मागत बसलात तर पुढचे हजार क्षण हातचे जातात. व्हिडिओ कॉलवर आईचा आवाज क्षणभर तुटला तरी चालतो. तुटलेला शब्द पाच सेकंदांनी येऊन काय उपयोग? तिथे ‘भरवशाचा’ टीसीपीच कामाचा नाही. म्हणजे भरवसा हा प्रोटोकॉलचा अंगभूत गुण नाही. तो कामावर आणि रस्त्यावर ठरतो.

रस्त्यावरून माळशेज आठवतो. टीसीपीची जुनी समजूत अशी, की पॅकेट हरवलं म्हणजे रस्ता तुंबला, म्हणून वेग कमी करा. तारांच्या जाळ्यात हे बहुतांश खरं होतं. पण घाटातल्या एसटीत बसलेल्या माणसाचा सिग्नल डोंगराआड जातो तेव्हा रस्ता तुंबलेला नसतो, रस्ताच क्षणभर नाहीसा झालेला असतो. फोरजीचा टॉवर हरवलेलं पॅकेट स्वतःच पुन्हा पाठवतो, हे खरं. पण वरच्या टीसीपीला तेवढ्या वेळात फक्त उशीर दिसतो आणि तो घाबरून मागे सरू शकतो. चूक टीसीपीची नाही. ज्यांनी तो लिहिला त्यांच्या डोळ्यांसमोर हा घाट नव्हता, एवढंच.

आणि आता क्विक

गूगलने २०१२ च्या सुमारास या दुखण्यावर उपाय म्हणून क्विक नावाचा नवा ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉल बनवायला घेतला. तो चक्क ‘बिनभरवशाच्या’ यूडीपीवर बसतो आणि भरवशाचं काम स्वतः करतो. टीसीपीत सातवी गोणी हरवली तर आठवीपासून पन्नासावीपर्यंत सगळ्या दारात ताटकळतात. क्विकमध्ये वेगवेगळ्या रांगा असतात, एकीत अडलं तर दुसरी चालू राहते. टीसीपीची जोडणी तुमच्या आयपी पत्त्याला बांधलेली, त्यामुळे घरच्या वायफायवरून मोबाईल डेटावर गेलात की ती तुटते. क्विकच्या जोडणीला स्वतःची ओळख असते, ती पत्ता बदलला तरी टिकू शकते. मे २०२१ मध्ये क्विकचं अधिकृत मानक आलं. आज तुम्ही यूट्यूब बघता तेव्हा बहुतेक वेळा तोच काम करत असतो.

गूगलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये आकडे दिले: यूट्यूबवर मध्येच थांबून गोल फिरण्याचं प्रमाण डेस्कटॉपवर १८ टक्के आणि मोबाईलवर १५.३ टक्के कमी झालं. दक्षिण कोरियासारख्या उत्तम जाळ्याच्या देशात फायदा थोडा, भारतासारख्या लांब आणि गळक्या रस्त्यांच्या देशात जास्त. म्हणजे आपला फायदा झाला. मी कृतघ्न नाही.

पण विचारा, हे गूगललाच का जमलं? क्विकमधल्या कितीतरी गोष्टी एससीटीपी नावाच्या प्रोटोकॉलमध्ये २००० सालीच होत्या: वेगळ्या रांगा, निरोपाच्या सीमा, एकाहून अधिक पत्ते. तो आजही फोरजीच्या टॉवरपासून कंपनीच्या केंद्रापर्यंत नियंत्रणाचे निरोप नेतो. पण खुल्या इंटरनेटवर तो चालला नाही, कारण वाटेतले राउटर आणि फायरवॉल टीसीपी आणि यूडीपी सोडून तिसरं काही दिसलं की टाकून देतात. क्विकने यूडीपीचा वेश घेतला, आतलं जवळजवळ सगळं कुलूपबंद केलं आणि वाटेतल्यांना फसवून पार झाला. हे करायला एका टोकाचा ब्राउझर आणि दुसऱ्या टोकाचा सर्व्हर, दोन्ही हातात असावे लागतात. असे हात जगात मोजके आहेत.

१९७० च्या दशकात भीती होती रस्त्याच्या मालकाची. आज दोन्ही टोकांचे मालक एकच झालेत. क्विक खुल्या मंचावर मानक म्हणून आला, त्याची कागदपत्रं फुकट आहेत, हे चांगलंच झालं. पण आकडे कुणाचे होते, कोणत्या रस्त्यांवर मोजले होते, वाट किती बघायची हे कुणाच्या सोयीने ठरलं, हे प्रश्न ‘वेगवान’ या एका शब्दाने मिटत नाहीत.

स्वदेशी प्रोटोकॉल नको

इथे काही जण लगेच म्हणतील, आपणही आपला स्वदेशी प्रोटोकॉल काढू. कृपा करून नको. ओएसआय सरकारी सक्तीवर जगवायचा प्रयत्न महासत्तेलाही जमला नाही.

हल्लीचं उदाहरण बघा. फाइव्हजीच्या जागतिक निकषांत विरळ टॉवरच्या ग्रामीण भागाची चाचणी असावी, असा आग्रह भारताने धरला, आणि दोन टॉवरमध्ये सहा किलोमीटर अंतर धरणारी चाचणी त्यात आली. हा रेडिओचा विषय, ट्रान्सपोर्टचा नव्हे, पण धडा तोच. त्यानंतर टीएसडीएसआय या आपल्या मानक संस्थेने ‘फाइव्हजी-आय’ हे वेगळं मानक काढलं, तेव्हा आपल्याच मोबाईल कंपन्यांनी विरोध केला: वेगळं मानक म्हणजे वेगळी उपकरणं, महाग हँडसेट. शेवटी २०२१ च्या अखेरीस ते जागतिक मानकात विलीन करायचं ठरलं. यात हार बघायची की जीत? माझ्या मते सगळ्यात मोठं काम त्या सहा किलोमीटरच्या चाचणीने केलं. आपला रस्ता सगळ्यांच्या परीक्षेत आला. वेगळी परीक्षा काढून आपणच पहिले येण्यापेक्षा ते मोलाचं.

ट्रान्सपोर्ट प्रोटोकॉलसाठी तर हे आणखी सोपं आहे. इंटरनेटची मानकं जिथे लिहिली जातात त्या आयईटीएफला सदस्यत्वाची फी नाही, मतदान नाही, सरकारचं पत्र लागत नाही. १९९२ मध्ये, ओएसआयशी भांडण टिपेला असतानाच, त्यांनी ठरवून टाकलं होतं की मुकुट आणि मतपेट्यांपेक्षा ढोबळ एकमत आणि चालणारा कोड मोठा. चर्चा खुली असते, कागदपत्रं फुकट असतात. अडचण इंग्रजीची आहे, सवयीची आहे आणि ‘आपण कोण बोलणारे’ या भावनेची आहे. ती शेवटची भावना आमच्या तक्त्यांनी पोसली आहे. जे गुणांवर आपोआप जिंकतं, त्यात माणसाने बोलायचं कशाला?

म्हणून माझी मागणी साधी आहे. ‘फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न बंद करा. त्याऐवजी विचारा: हा प्रोटोकॉल कोणत्या रस्त्यासाठी लिहिला? हरवलेल्याची जबाबदारी त्याने कुणावर टाकली? तो कुणाला वाचता येतो, कुणाला बदलता येतो? आणि सोबत एक प्रात्यक्षिक द्या: आपल्या गावात तीन ठिकाणी उभं राहून, तीन वेगवेगळ्या वेळी, पॅकेट जाऊन यायला किती वेळ लागतो ते मोजून आणा. खर्च शून्य. फोन प्रत्येकाच्या खिशात आहेच.

हे मी भावाला ओसरीवर सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “ते ठीक आहे दादा, पण परीक्षेत काय लिहू?”

“तक्ताच लिही,” म्हटलं. “आठ मार्क सोडू नकोस.”

संध्याकाळी तो फोन घेऊन निघाला. आधी घरात, मग बराखीपाशी, मग मांडवीच्या काठाकडे. वहीच्या मागच्या पानावर त्याने तीन आकडे लिहून आणले. बराखीपाशी उभं राहून मोजलेला आकडा घरातल्याच्या चौपट होता, आणि मधली काही पॅकेट परत आलीच नव्हती. काका बाजूला बसून बघत होते.

“म्हणजे पट्टी आली नाही म्हणायची,” काका म्हणाले. “मग किती वेळ थांबायचं, ते कुणी ठरवलंय?”

परीक्षेत हाच प्रश्न यायला हवा होता.